साहाय्यित मृत्यूवरची देखरेख : कागद कोण वाचतो आणि कागदावर काय येत नाही

आपण मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्स, बेल्जियम, कॅनडा आणि अमेरिकेतील काही राज्यांत असाध्य आजाराने त्रस्त झालेल्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या विनंतीवरून, डॉक्टरांच्या मदतीने आयुष्य संपवण्याची कायदेशीर मुभा आहे. पण ज्या डॉक्टरने हे केले त्यानेच अहवाल लिहायचा आणि माणूस गेल्यानंतर समितीने तो वाचायचा, तर त्याला देखरेख म्हणावे का? आणि आपल्याकडे जे आज कायदेशीर आहे, म्हणजे निरुपयोगी ठरलेले जीवरक्षक उपचार थांबवणे, त्यावर नेमके कोणाचे लक्ष असते, आणि याबाबत काय करता येईल?

मी गेली २२ वर्षे अतिदक्षता विभागात आणि त्यासोबत पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याच्या सेवेत, काम करते. उपचार थांबवण्याचे निर्णय तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळांवरही मी बसले आहे. परदेशात, जिथे असे कायदे आहेत, तिथे मी काम केलेले नाही. मात्र तिथल्या समित्यांचे प्रसिद्ध झालेले निर्णय आणि वार्षिक अहवाल मी बरीच वर्षे नेमाने वाचत आले आहे, कारण आपल्याकडे असे वाचायला काहीच नाही. माझे मत आधीच सांगून टाकते. मृत्यूनंतरची तपासणी निरुपयोगी नसते, परंतु डॉक्टरने योग्य नावाने जेवढे लिहून पाठवले तेवढेच तिला दिसते. म्हणून एखाद्या देशाची देखरेख जोखताना, आलेल्या कागदांत किती दोष सापडले हे मी नंतर पाहते. न आलेले कागद किती, हे मोजण्याची तिथे काही सोय आहे का, हे आधी पाहते.

नेदरलँड्सची व्यवस्था सर्वांत जुनी आणि सर्वांत नीट लिहून ठेवलेली आहे, त्यामुळे तिच्यावर थोडे थांबते. तिथला कायदा २००१ साली संमत झाला आणि १ एप्रिल २००२ पासून लागू झाला. विनंतीवरून आयुष्य संपवणे हा तिथल्या दंडविधानात आजही गुन्हा आहे. मात्र डॉक्टरने कायद्यातले दक्षतेचे सहा निकष पाळले असतील आणि केलेली गोष्ट स्वतःहून कळवली असेल, तर त्याला शिक्षा होत नाही. विनंती स्वेच्छेने आणि पूर्ण विचारांती केलेली असावी, यातना असह्य असाव्यात आणि सुधारणेची आशा नसावी, रुग्णाला आपल्या स्थितीची संपूर्ण माहिती दिलेली असावी, दुसरा कोणताही वाजवी मार्ग उरलेला नसल्याची डॉक्टर आणि रुग्ण या दोघांचीही खात्री झालेली असावी, निदान एका स्वतंत्र डॉक्टरने रुग्णाला प्रत्यक्ष भेटून लेखी मत दिलेले असावे आणि शेवटची कृती वैद्यकीय काळजीने पार पाडलेली असावी, असे ते निकष आहेत.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. रुग्ण गेल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला नैसर्गिक मृत्यूचा दाखला देता येत नाही. त्याने नगरपालिकेच्या शवतपासनिसाला बोलवायचे असते. तो येऊन मृतदेह पाहतो, कागद ताब्यात घेतो, अंत्यविधीच्या परवानगीसाठी सरकारी अभियोक्त्याला कळवतो आणि संपूर्ण फाइल विभागीय पुनरावलोकन समितीकडे पाठवतो. अशा पाच समित्या आहेत. प्रत्येक प्रकरण एक कायदेतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक नीतितज्ज्ञ असे तिघे मिळून पाहतात आणि अध्यक्षपद कायदेतज्ज्ञाकडे असते. सहा आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो; अडचण असेल तर एकदा तेवढीच मुदत वाढवता येते. निकष पाळले असे ठरले तर प्रकरण तिथेच मिटते. पाळले नाहीत असे ठरले तर ते अभियोक्त्यांकडे आणि आरोग्य निरीक्षणालयाकडे जाते. महत्त्वाचे आणि वादग्रस्त निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांची ओळख वगळून प्रसिद्ध केले जातात, आणि माझ्या मते या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. ‘असह्य यातना’ म्हणजे काय, हे एखाद्या खेड्यातल्या डॉक्टरला कायद्याचे कलम वाचून समजत नाही. पण समितीने अमुक प्रकरणात काय विचारले आणि कोणत्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, हे वाचून समजते.

२०२४ साली या समित्यांकडे ९,९५८ मृत्यू कळवले गेले. त्या वर्षीच्या देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ते ५.८ टक्के होते. निकष पाळले गेले नाहीत असे समितीने म्हटले ती प्रकरणे फक्त सहा. हा आकडा ऐकून दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणते, पाहा, किती काटेकोर काम चालते. दुसरी म्हणते, समिती नुसती शिक्के मारते. माझ्या दृष्टीने या सहाच्या आकड्यावरून यांपैकी काहीच सिद्ध होत नाही, कारण ज्याला आपण चुकलो असे वाटते तो डॉक्टर कळवीलच असे नाही. त्यासाठी दुसरा आकडा लागतो, आणि तो नेदरलँड्सकडे आहे.

तो कसा मिळवला, ते समजून घेण्यासारखे आहे. १९९० साली तिथल्या सरकारने रेमेलिंक नावाच्या विधिज्ञांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि आयुष्याच्या शेवटी डॉक्टर प्रत्यक्षात काय करतात याचा देशव्यापी अभ्यास करवला. मृत्यूच्या दाखल्यांतून नमुना निवडायचा, संबंधित डॉक्टरला निनावी प्रश्नावली पाठवायची, आणि उत्तरांवरून त्याच्यावर खटला होणार नाही याची हमी द्यायची, अशी ती पद्धत. त्यातून कळले की त्या वर्षी घडलेल्या प्रकरणांपैकी जेमतेम १८ टक्के प्रकरणे अधिकृतपणे कळवली गेली होती. त्याहून धक्कादायक बाब अशी की, रुग्णाने स्पष्ट विनंती केलेली नसताना आयुष्य संपवण्यात आल्याची सुमारे हजार प्रकरणे, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ०.८ टक्के, आढळली. आपल्याच डॉक्टरांबद्दल हे छापून काढायला किती धैर्य लागले असेल, असे मला आजही वाटते. तोच अभ्यास नंतर ठरावीक वर्षांनी होत राहिला. कळवण्याचे प्रमाण १९९५ मध्ये ४१ टक्के, २००१ मध्ये ५४ टक्के आणि २००५ मध्ये ८० टक्क्यांवर गेले. विनंतीशिवायची प्रकरणे २०१० पर्यंत ०.२ टक्क्यांवर आली.

हे प्रमाण कशामुळे वाढले? शिक्षा कडक केल्याने ते वाढलेले नाही. सुरुवातीच्या काळात कागद थेट अभियोक्त्याकडे जात, आणि चांगल्या हेतूने काम केलेल्या डॉक्टरलासुद्धा महिनोन्‌महिने आपण आरोपी असल्यासारखे वाटत असे. १९९८ साली डॉक्टर आणि अभियोक्ता यांच्यामध्ये समित्या आल्या, २००२ नंतर निर्दोष प्रकरणे अभियोक्त्याकडे जाणेच थांबले, आणि दरम्यान दुसरे मत देण्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे जाळे देशभर उभे राहिले. आपला कागद समजून घेणारी माणसे तो वाचतील, असा विश्वास बसल्यावर लोक कळवू लागले. दंडाची भीती अजिबात नको असे मी म्हणत नाही. पण सगळी व्यवस्था नुसत्या भीतीवर उभी केली तर पहिल्यांदा कागदच नाहीसे होतात, हे मी आमच्या रुग्णालयांत औषधांच्या चुका नोंदवण्याच्या बाबतीतही पाहिले आहे.

मग उरलेल्या २० टक्क्यांचे काय? ते सगळे लपवलेले गुन्हे होते असा समज होऊ शकतो, पण अभ्यासात वेगळेच दिसले. न कळवलेल्या प्रकरणांपैकी बहुतेकांत डॉक्टरांनी मॉर्फिनसारखी औषधे वापरली होती आणि आपण जे केले ते वेदनाशमन किंवा गुंगी देणे होते, असे त्यांच्या मनात होते. त्या कृतीला आयुष्य संपवणे हे नाव त्यांनी दिलेच नव्हते, मग कळवणार कसे? बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात २००७ मधल्या मृत्यूंचा असाच अभ्यास झाला, तेव्हा साधारण निम्मीच प्रकरणे कळवली गेल्याचे दिसले, आणि न कळवलेल्या प्रकरणांत लेखी विनंती, दुसऱ्या डॉक्टरचे मत या गोष्टीही कमी आढळल्या. म्हणजे जिथे नजर पोचत नव्हती, तिथेच काळजीही पातळ होती. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा. आपल्याकडच्या परिस्थितीबद्दल बोलताना तो पुन्हा लागेल.

नेदरलँड्समधले एक प्रकरण जगभर गाजले. अल्झायमर झालेल्या ७४ वर्षांच्या एका स्त्रीने आजाराच्या सुरुवातीला लेखी इच्छा नोंदवली होती. २०१६ मध्ये, स्मृती आणि निर्णयक्षमता गेल्यानंतर, डॉक्टरने त्या लेखाच्या आधारे तिचे आयुष्य संपवले, आणि त्याआधी तिला न सांगता कॉफीतून गुंगीचे औषध दिले. डॉक्टरने स्वतःच हे सगळे कळवले होते. समितीने दोष काढला. लेखातले शब्द संदिग्ध आहेत आणि कृती करताना दक्षता घेतली गेली नाही, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. हे कायदा लागू झाल्यानंतरचे पहिलेच असे अभियोग प्रकरण होते. २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष ठरवले, आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यानंतर समित्यांनी आपली मार्गदर्शक संहिता बदलली. मला व्यक्तिशः तो निकाल अस्वस्थ करतो, कारण त्या दिवशीची ती स्त्री आणि चार वर्षांपूर्वी कागद लिहिणारी स्त्री यांपैकी कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला असला तरी माझ्या मनात तो सुटलेला नाही. तरीही देखरेखीच्या दृष्टीने एक गोष्ट मान्य करावी लागते. समितीने आपल्याच व्यवसायातल्या व्यक्तीला दोष दिला, न्यायालयाने समितीचे मत फिरवले, आणि हा सगळा वाद नागरिकांना मुळातून वाचता आला.

बेल्जियमची रचना, निदान २०२२ पर्यंत, कागदावर अधिक गोपनीय होती. डॉक्टरने चार कामकाजाच्या दिवसांत दोन भागांचा नोंदणी-नमुना संघीय आयोगाकडे पाठवायचा असे. पहिल्या भागात नावे असत आणि तो मोहोरबंद असे. दुसऱ्या भागात नावांशिवायचा वैद्यकीय तपशील असे. आयोगाचे १६ सदस्य दुसरा भाग वाचत, आणि शंका आली तर मतदान करून पहिला भाग उघडत. प्रकरण अभियोक्त्याकडे पाठवायला दोन तृतीयांश बहुमत लागते. यात एक फट होती, जी बाहेरून कोणाला सुचली नसती. आयोगाच्या सदस्यांत असे कायदेशीर मृत्यू स्वतः घडवून आणणारे डॉक्टरही असतात. मग त्यातल्या एखाद्याचेच प्रकरण समोर आले तर? नावे बंद असल्यामुळे तो उठून बाहेर गेला की सगळ्यांना कळणार, म्हणून त्याने जागेवर गप्प बसून राहायचे, अशी प्रथा पडली होती. एका मुलाने, नैराश्याने आजारी असलेल्या आपल्या आईच्या २०१२ मधल्या मृत्यूबद्दल, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॉर्टियर विरुद्ध बेल्जियम या निकालात न्यायालयाने कायदा किंवा तो मृत्यू यांना जीविताच्या हक्काचा भंग मानले नाही; मात्र ज्या डॉक्टरचे काम तपासायचे होते तोच आयोगावर बसलेला होता, म्हणून ती तपासणी स्वतंत्र नव्हती, आणि त्यानंतरचा फौजदारी तपासही फार लांबला, असे ठरवून बेल्जियमला दोषी धरले. आपल्याकडच्या कोणत्याही मंडळावर बसणाऱ्याने हा निकाल वाचावा. जिल्ह्याच्या गावात तज्ज्ञ डॉक्टर मोजके असतात, सगळे एकमेकांना रुग्ण पाठवतात, आणि ‘सर, तुम्ही फक्त सही करा’ हे वाक्य अगदी सहज उच्चारले जाते.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याबद्दल थोडक्यातच सांगते. तिथला कायदा १९९७ पासून लागू आहे. डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते स्वतः घेतो. आरोग्य खाते दरवर्षी अहवाल काढते; त्यावरून दिसते की औषध लिहून घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. ही फार बोलकी माहिती आहे, कारण अनेकांना शेवट नको असतो, हातात काहीतरी असल्याचा दिलासा हवा असतो. पण त्या अखेरच्या वेळी डॉक्टर हजर असण्याचे बंधन नाही, त्यामुळे बऱ्याच मृत्यूंत नेमके काय घडले याची नोंद अपुरी राहते, आणि मूळ कागद काही काळाने नष्ट केले जातात. नंतर कोणाला प्रश्न पडला तर मागे जाऊन पाहण्याची वाटच उरत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने, जिथला कायदा जून २०१९ पासून अमलात आला, याच्या उलट टोक गाठले. तिथे औषध मिळण्यापूर्वी परवाना लागतो, ते कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते, आणि न वापरलेले औषध परत करण्याची जबाबदारी एका नेमून दिलेल्या व्यक्तीवर असते.

कॅनडाची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे देखरेखीचा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या बाहेर गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या कार्टर निकालानंतर जून २०१६ मध्ये कायदा झाला. मार्च २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढली, आणि ज्यांचा मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित नाही अशांसाठी दुसरा मार्ग खुला झाला. त्यात मूल्यमापनाला निदान ९० दिवस द्यावे लागतात. २०२४ मध्ये १६,४९९ जणांचा मृत्यू अशा साहाय्याने झाला. देशातल्या एकूण मृत्यूंच्या हे ५.१ टक्के होते, आणि त्यांतले बहुसंख्य पहिल्या मार्गातले होते. माहिती गोळा करण्याचे केंद्रीय नियम नोव्हेंबर २०१८ पासून आहेत. २०२३ पासून त्यांत वंश, आदिवासी ओळख आणि अपंगत्व यांचेही रकाने आले. परंतु माहिती गोळा करणे आणि प्रत्येक प्रकरण तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी प्रांतांच्या हाती आहे आणि तिचे स्वरूप प्रांतागणिक बदलते. क्वेबेकमध्ये आयोग प्रत्येक प्रकरण पाहतो. ऑन्टारियोमध्ये मुख्य कॉरोनरचे, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे, कार्यालय पाहते, आणि २०२४ मध्ये त्याने विविध क्षेत्रांतल्या तज्ज्ञांची एक स्वतंत्र मृत्यू-पुनरावलोकन समिती नेमली.

या समितीचे अहवाल मी वाचले तेव्हा पहिल्यांदा वाटले, की कोणीतरी योग्य प्रश्न विचारले आहेत. निकष पाळले का, एवढ्यावर ती थांबत नाही. विनंतीच्या दिवशीच किंवा दुसऱ्याच दिवशी मृत्यू का घडवला गेला, त्या माणसाच्या जवळ कोणी होते का, राहायला धड घर होते का, असे ती विचारते, आणि सदस्यांत एकमत झाले नाही तर तसेही लिहिते. दुःख कमी करणारे दुसरे मार्ग रुग्णाला सांगितले, अशी नोंद नमुन्यात करता येते. पण ‘अपंगत्व-साहाय्य उपलब्ध आहे असे सांगितले’ या ओळीमागे दोन वर्षांची प्रतीक्षायादी आहे की उद्या सकाळी येणारी परिचारिका, हे त्या ओळीवरून कळत नाही. पॅलिएटिव्ह केअर मिळत होती का, याला ‘होय’ हे उत्तर महिन्यातून एकदा आलेल्या फोनलाही लागू पडते. देखरेख करणाऱ्याची नजर मरणाच्या दिवसावरून मागे, आधीच्या सहा महिन्यांपर्यंत जायला हवी, असे मला वाटते ते याचमुळे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात औषध देऊन आयुष्य संपवणे किंवा त्यासाठी मदत करणे हा गुन्हाच आहे. कायदेशीर आहे ते उपचार न देणे किंवा चालू असलेले थांबवणे, आणि तोही संसदेचा कायदा नसून सर्वोच्च न्यायालयाने आखून दिलेली वाट आहे. त्या वाटेची सुरुवात मुंबईतच झाली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि पुढची ४२ वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने त्यांच्याबाबतची याचिका फेटाळली, पण काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील असे तत्त्व मान्य केले. ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय पूर्वेच्छापत्र (पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवलेला कागद) यांना मान्यता दिली, मात्र न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणि जिल्हाधिकाऱ्यामार्फत नेमायचे मंडळ अशा अटींमुळे ती वाट जवळजवळ चालता येण्यासारखी नव्हती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता पूर्वेच्छापत्रावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. उपचार करणारा डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर धरून तिघांचे दुय्यम मंडळ, अशा दोघांनीही शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यायचे, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे, अशी रचना आहे. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे पूर्वेच्छापत्र जाहीरपणे केले, तेव्हा अनेकांना ही सोय असल्याचे प्रथमच कळले.

आपली रचना नेदरलँड्सच्या नेमकी उलटी आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. तिथे मुख्य तपासणी नंतर होते. आपल्याकडे सगळी तपासणी आधी होते आणि नंतर काहीच होत नाही. आधीची तपासणी चांगलीच, कारण ती चूक थांबवू शकते. पण दंडाधिकाऱ्याला पाठवलेल्या त्या पत्रांचे पुढे काय होते, वर्षभरात अशी किती प्रकरणे झाली, किती मंडळांनी नकार दिला, कोणत्या जिल्ह्यात एकही मंडळ बसले नाही, हे सांगणारा कोणताही राष्ट्रीय अहवाल निघत नाही.

मंडळावर बसून कागद कसा वाचावा लागतो, याचे एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेले, बराच काळ डायलिसिसवर असलेले गृहस्थ पक्षाघातानंतर व्हेंटिलेटरवर होते. प्राथमिक मंडळाच्या कागदावर तिन्ही सह्या होत्या, स्कॅनचे अहवाल जोडलेले होते, आणि एका ओळीत लिहिले होते, ‘रुग्णाची पूर्वेच्छा : होय’. पूर्वेच्छापत्र मात्र नव्हते. मी विचारले, हे ‘होय’ कोणी सांगितले? मुलगा म्हणाला, बाबांचे तसेच मत होते. मुलगी काही बोलली नाही, आणि तिचे ते गप्प राहणे मला सहीपेक्षा महत्त्वाचे वाटले. आम्ही जुने केसपेपर मागवले. त्यात चार महिन्यांपूर्वीच्या एका डायलिसिसच्या दिवशी, रक्तदाबाच्या आकड्यांशेजारच्या समासात, परिचारिकेने बॉलपेनने लिहिलेले सापडले : ‘रुग्ण म्हणतात, परत मशीनवर घालू नका. घरी न्या. मुलीला सांगितले आहे.’ खाली तारीख, वेळ आणि सही. ती ओळ वाचून दाखवल्यावर मुलगी रडली आणि म्हणाली, हो, मला सांगितलं होतं, पण मी कोणाला बोलले नाही. त्या कागदाची प्रत आम्ही अहवालाला जोडली. निर्णय तोच राहिला, एक दिवस उशिरा झाला. कोणत्याही नमुन्यात त्या समासाला जागा नव्हती.

याच्या दुसऱ्या बाजूला जे आहे ते अतिदक्षता विभागातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि फारसे कोणी लिहीत नाही. त्याचे नाव ‘लामा’, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुटी. रात्री उशिरा नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशी उभे असतात, ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ असे लिहून देतात, नळी घशात तशीच ठेवून रुग्णवाहिकेत कोणीतरी हाताने पिशवी दाबत राहते, आणि घरी पोचल्यावर ते थांबते. सकाळी ओळखीचे डॉक्टर दाखला देतात. काही वेळा हा निर्णय खरोखर रुग्णाच्या इच्छेचा असतो, काही वेळा डॉक्टरांनीच, मंडळाची दगदग नको म्हणून, सुचवलेला असतो, आणि अनेकदा पैसे संपलेले असतात. तिन्हींची नोंद एकाच शब्दाने होते. सुरुवातीला नेदरलँड्समधल्या ज्या डॉक्टरांबद्दल लिहिले, त्यांनी केलेल्या गोष्टीला नाव दिले नव्हते म्हणून ती नजरेआड राहिली. आपल्याकडे चुकीचे नाव दिल्यामुळे राहते. आणि लामा घेऊन गेलेल्या माणसाला घरी मॉर्फिन मिळत नाही, श्वासासाठीची तडफड कमी करणारे कोणी नसते, हा यातला सर्वांत क्रूर भाग आहे. उद्या कोणी साहाय्यित मृत्यूचा कायदा आणू म्हणाले, तर माझा पहिला प्रश्न हाच असेल, की लामाच्या वहीत काय काय दडले आहे ते आधी मोजले का?

आपण विचारले आहे की काय करता येईल, म्हणून जे मला शक्य कोटीतले वाटते तेवढे सांगते. मंडळाचा प्रत्येक निर्णय, होकार असो वा नकार, नावे वगळून राज्यपातळीवर एका ठिकाणी जावा आणि त्याचा वार्षिक अहवाल निघावा. ज्या डॉक्टरचा रुग्ण त्याने किंवा त्याच रुग्णालयातल्या त्याच्या सहकाऱ्याने दुय्यम मंडळावर बसू नये, असा नियम व्हावा आणि तो केवळ कागदावर न राहता मंडळाच्या प्रत्येक अहवालात तसे स्पष्ट लिहिले जावे. आणि काही वर्षांतून एकदा, खटल्याची भीती न घालता, डॉक्टरांना निनावी विचारणारा देशव्यापी अभ्यास व्हावा, कारण त्यावाचून बाकीचे सगळे आकडे अर्धवट राहतील. मंडळाचे काम अजिबात थांबू नये, ते वेगाने व्हावे, असेच माझे मत आहे. पहिल्या २०१८ च्या नियमांखाली परवानगीची वाट पाहत व्हेंटिलेटरवर गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि उशीर करणारी देखरेख रुग्णाचे रक्षण करते असे मला वाटत नाही.

तोवर आमच्या विभागात आम्ही एक वही ठेवली आहे. उपचार थांबवण्याचा प्रत्येक निर्णय आणि प्रत्येक लामा तिच्यात येतो. विषय प्रथम कोणी काढला, रुग्णाने स्वतः काही म्हटले होते का आणि ते कोणी ऐकले, घरी नेल्यास वेदना व श्वास यांसाठी काय दिले, खर्चाची अडचण होती का, आणि महिन्याभराने घरच्यांना फोन केला तेव्हा ते काय म्हणाले, असे तिचे पाच रकाने आहेत. निवासी डॉक्टर पहिले तीन नीट भरतात. महिन्याने करायचा फोन परिचारिकाच करतात आणि मोकळेपणाने लिहितातही. खर्चाचा रकाना मात्र अजूनही बरेचदा कोराच येतो, आणि तो कोरा असला की मी वही परत पाठवते.